‘नाना’ शेरा आणि बुडालेले अठ्ठावीस महिने : एका हवालदाराच्या अपंगत्व निवृत्तिवेतनाचे प्रकरण

हे प्रकरण कुणा एकाचे नाही. माजी सैनिकांच्या डिसेबिलिटी पेन्शनच्या दाव्यांत वारंवार दिसणारी तथ्ये इथे एका हवालदारावर मांडली आहेत. माणूस कल्पिलेला, नियम आणि निवाडे खरे.

तथ्ये

तोफखान्यातला हवालदार. भरती जानेवारी १९९५, भरतीच्या वेळी वैद्यकीय श्रेणी शेप-१, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त. भरतीच्या तपासणीत कुठल्याही आजाराची नोंद नाही. जानेवारी २०११ ते ऑक्टोबर २०१३ राष्ट्रीय रायफल्स या बंडखोरीविरोधी दलात, काश्मीरच्या कुपवाडा भागात, म्हणजे फील्डवर. तिथून शांतता ठाण्यावर बदली. जानेवारी २०१४च्या नियमित तपासणीत रक्तदाब १६०/१०४ निघाला. आधी तात्पुरती आणि मग कायमची पी-२, म्हणजे शेप-१च्या खालची श्रेणी मिळाली. ३१ जानेवारी २०१९ रोजी २४ वर्षांची सेवा पूर्ण करून तो घरी आला. सेवा निवृत्तिवेतन लगेच सुरू झाले, त्यात काही अडले नाही.

अडले ते दुसऱ्या भागात. ऑक्टोबर २०१८च्या रिलीज मेडिकल बोर्डाने, म्हणजे निवृत्तीआधी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाने, ‘प्रायमरी हायपरटेन्शन, ३० टक्के, आजीवन’ असे लिहिले. पुढच्या रकान्यात मात्र शेरा होता की आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही. ‘नायदर अ‍ॅट्रिब्युटेबल नॉर अ‍ॅग्रॅव्हेटेड’ या इंग्रजी शेऱ्याच्या आद्याक्षरांमुळे फौजेत याला ‘नाना’ म्हणतात. नात्यातला नाना घरात वडीलधारा असतो, हा नाना पेन्शन खातो. कारण एका ओळीचे होते : ‘आजाराची सुरुवात शांतता ठाण्यावर, फील्ड सेवेच्या ताणाशी निकटचा कालसंबंध नाही.’

एप्रिल २०१९ मध्ये रेकॉर्ड ऑफिसचे नकाराचे पत्र आले. सहा महिन्यांत पहिले अपील करता येईल, असे त्याच पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात होते. हवालदाराने पत्र डिस्चार्ज बुकात घडी करून ठेवले. ते पुन्हा उघडले गेले २०२३ मध्ये, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका मेळाव्यानंतर.

हक्क नेमका कशाचा

दोन गोष्टींची गल्लत होते. आजारामुळे ज्याला मुदतीआधी घरी पाठवले, म्हणजे इनव्हॅलिड केले, त्याचा दावा वेगळा. त्याच्या बाबतीत सर्व्हिस एलिमेंट (पेन्शनचा सेवेपोटीचा भाग) आणि डिसेबिलिटी एलिमेंट (अपंगत्वापोटीचा भाग) दोन्हींचा विचार होतो. सुखविंदर सिंग प्रकरणात (२०१४) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, घरी पाठवण्याइतका आजार असेल तर तो २० टक्क्यांच्या वर आहे असेच मानले पाहिजे. आपला हवालदार मात्र मुदत पूर्ण करून, पण खालच्या वैद्यकीय श्रेणीत निवृत्त झाला. त्याला सेवेचे पेन्शन मिळतेच आहे. मागायचा आहे तो फक्त डिसेबिलिटी एलिमेंट. त्यासाठी दोन अटी आहेत. अपंगत्व २० टक्के किंवा अधिक हवे आणि ते सेवेमुळे झालेले किंवा सेवेमुळे बळावलेले हवे. मुदत पूर्ण केलेल्या माणसाचे अपंगत्व १५ टक्के ठरले असेल तर सध्याच्या कायद्यात फारसे हाती लागत नाही. विंग कमांडर राठोड प्रकरणात (डिसेंबर २०१९) सर्वोच्च न्यायालयाने ती वाट बंद केली. अशा माणसाला आशा लावून सशस्त्र सेना न्यायाधिकरणात नेणारे सल्लागार भेटतात, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे.

३० टक्क्यांचा प्रश्न बोर्डानेच मिटवला होता. उरला होता ‘नाना’.

कागद आधी, वकील नंतर

सल्ल्याला आला तेव्हा हवालदाराकडे पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक आणि नकाराचे पत्र एवढेच होते. मेडिकल बोर्डाच्या कारवाईचे पहिले पान होते, पण कारण लिहिलेले पान नव्हते. बहुतेकांची फाइल अशीच असते. कारण न वाचता अपील लिहिले तर ते ‘मी देशाची सेवा केली, माझ्यावर अन्याय झाला’ एवढ्यावर थांबते आणि पुढच्या पायरीवर तोच मजकूर अर्जदाराच्या अंगावर येतो.

म्हणून पहिले काम माहिती अधिकाराचा अर्ज. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, रेकॉर्ड ऑफिसच्या केंद्रीय जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे, नंबर-रँक-नाव-डिस्चार्जची तारीख स्पष्ट लिहून. प्रती २ रुपये पानाने मिळतात आणि उत्तराची मुदत ३० दिवस असते. मागायचे ते नेमके मागावे. ‘माझी सर्व कागदपत्रे द्या’ असे लिहिले की उत्तरही तेवढेच मोघम येते. या प्रकरणात मागितलेले कागद :

– रिलीज मेडिकल बोर्डाची संपूर्ण कारवाई, म्हणजे फॉर्म ए.एफ.एम.एस.एफ.-१६, सर्व भाग आणि तज्ज्ञ डॉक्टरचे मत;
– श्रेणी खाली आणणाऱ्या पहिल्या बोर्डापासून प्रत्येक पुनर्तपासणीचे ए.एफ.एम.एस.एफ.-१५;
– भरतीच्या वेळचा वैद्यकीय अहवाल;
– पोस्टिंगचा तपशील तारखांसह, प्रत्येक ठाणे फील्ड की शांतता याच्या उल्लेखासह;
– अपंगत्व नाकारण्याच्या निर्णयाची फाइल नोटिंगसह प्रत.

‘ही वैयक्तिक माहिती आहे’ असे उत्तर आले तर घाबरू नये. माहिती मागणाऱ्याचे स्वतःचेच वैद्यकीय कागद त्याच्यापासून लपवण्याला हे कारण चालत नाही. ३० दिवसांच्या आत पहिले माहिती अपील करावे.

कागद हाती आले आणि प्रकरणाचा चेहरा बदलला. २०१४च्या पहिल्या बोर्डाला जोडलेल्या उपचारपत्रांत जून २०१२ची एक नोंद होती : डोकेदुखीसाठी सिक रिपोर्ट, रक्तदाब १४२/९२, ‘विश्रांती, पुन्हा तपासा’. पुन्हा तपासणी झाल्याची नोंद कुठेच नव्हती. त्या वेळी हवालदार कुपवाड्यात होता.

एका ओळीच्या कारणाची चिरफाड

उच्च रक्तदाबाच्या दाव्यांत बोर्डाचे नेहमीचे साधन म्हणजे ‘गाइड टू मेडिकल ऑफिसर्स’ ही मार्गदर्शिका. आजार फील्डवर, अतिउंचीवर किंवा बंडखोरीविरोधी मोहिमेत असताना सुरू झाला तर तो सेवेमुळे बळावला असे मानता येते, आणि शांतता ठाण्यावर सुरू झाला तर सहसा नाही, अशी तिची धाटणी. इथे एक फसवी उडी आहे. आजार सापडला त्या तारखेला आजार सुरू झाला असे धरले जाते. रक्तदाब तसा नसतो. तो वर्षानुवर्षे काही लक्षण न दाखवता चढत राहतो आणि यंत्र लावले त्या दिवशी सापडतो. कुपवाडा सोडून तीन महिने झाले नाहीत तोच १६०/१०४ निघालेला रक्तदाब त्या तीन महिन्यांत जन्मला, असे कुठलाही डॉक्टर मोकळेपणाने म्हणणार नाही. शिवाय २०१२ची नोंद आहेच. १४०/९०च्या वरचा आकडा फील्डवरच आला होता.

म्हणून पुढे न्यायाधिकरणात केलेल्या अर्जात भाषण नव्हते, एक तक्ता होता : ठाणे, तारीख, फील्ड की शांतता आणि त्या काळातली रक्तदाबाची प्रत्येक नोंद. चार रकाने, एक पान. न्यायाधिकरणापुढे दिवसाला ढीगभर प्रकरणे असतात. तिथे पंचवीस पानांच्या निवेदनापेक्षा असे एक पान जास्त काम करते.

कायद्याची बाजू धरमवीर सिंग निवाड्यावर (२ जुलै २०१३) उभी राहते. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर सैनिक तंदुरुस्त होता असे मानायचे. नंतर आलेला आजार सेवेशी संबंधित नाही हे सिद्ध करण्याचे ओझे सैनिकावर नाही. बोर्डाला नाही म्हणायचे असेल तर त्याने कारणे लिहिली पाहिजेत. राजबीर सिंग प्रकरणाने (फेब्रुवारी २०१५) हेच पक्के केले.

धरमवीर सिंगांचा निकाल १९८२च्या एन्टायटलमेंट रूल्सवर, म्हणजे अपंगत्व सेवेशी जोडलेले आहे का हे ठरवणाऱ्या नियमांवर आहे आणि आपला हवालदार २०१९ मध्ये निवृत्त झाला, म्हणजे त्याला २००८चे नियम लागू. सरकारी वकील पहिला मुद्दा हाच मांडतात की जुन्या नियमांतले सैनिकाच्या बाजूचे गृहीतक नव्यांत त्या शब्दांत नाही. अर्जात याचे उत्तर आधीच हवे. २००८च्या नियमांतही दावेदाराला सहसा पुरावा द्यायला सांगू नये असेच आहे. निवृत्तीनंतर १५ वर्षांनी, कागद नष्ट झाल्यावर दावा केला तरच ओझे त्याच्यावर येते. इथे चार वर्षे झाली होती आणि कागद शाबूत होते. २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने २००८च्या नियमांखालच्या दाव्यांतही बोर्डाच्या मोघम कारणांना मान्यता दिली नाही. सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी कारणे देण्याचे बंधन पुन्हा अधोरेखित केले.

दुसरी बाजूही फाइलमध्ये ठेवावी. नरसिंग यादव प्रकरणात (२०१९) सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे की धरमवीर सिंगांचा निवाडा प्रत्येक आजाराला डोळे मिटून लावता येत नाही आणि वैद्यकीय मताला वजन द्यावे लागते. ते प्रकरण मानसिक आजाराचे होते. तरीही नुसता निवाड्याचा हवाला देऊन मोकळे झालेले अर्ज इथेच आपटतात. बोर्डाचे कारण नोंदींशी जुळत नाही, हे नोंदींनीच दाखवावे लागते.

न्यायाधिकरणात अर्जाला उत्तर म्हणून दिलेल्या प्रतिज्ञापत्रात सरकारने आणखी एक गोष्ट काढली. बोर्डापुढच्या वैयक्तिक निवेदनात ‘वडिलांना रक्तदाब’ असे हवालदारानेच लिहिले होते. ते खरे होते आणि खोडायचा प्रयत्न करणे चूकच ठरले असते. उत्तर दोन वाक्यांचे : आनुवंशिक कल असणे आणि सेवेने आजार बळावणे या गोष्टी एकमेकींना मारत नाहीत. नियमात ‘झालेला’ आणि ‘बळावलेला’ असे दोन वेगळे पर्याय त्यासाठीच आहेत. म्हणून न्यायाधिकरणातल्या मूळ अर्जात मागणीही दोन पर्यायांत हवी, आधी सेवेमुळे झाला आणि ते न मानल्यास सेवेमुळे बळावला. फक्त पहिला मागून दुसरा गमावलेले अर्ज पाहायला मिळतात.

हवालदाराने स्वतःच्या उत्साहाने एका खासगी हृदयरोगतज्ज्ञाचे ‘फौजेतील ताणामुळे रक्तदाब’ असे प्रमाणपत्र आणले होते. ते जोडले नाही. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी तपासणाऱ्याला २०१२चा ताण दिसत नाही, आणि असे पान जोडले की वाद बोर्डाच्या कारणावरून त्या प्रमाणपत्रावर सरकतो. नवा मेडिकल बोर्ड मागण्याचाही विचार निघाला होता. तोही सोडला, कारण टक्केवारीवर वाद नव्हता. ३० टक्के आजीवन हातात असताना पुन्हा मोजायला जाणे म्हणजे स्वतःच्या पायावर कुऱ्हाड.

पायऱ्या आणि मुदती

ऑगस्ट २०२३ मध्ये पहिले अपील पाठवले, उशिराच्या कारणासह, स्पीड पोस्टने आणि पोचपावती जपून. हे अपील पहिल्या अपिलांच्या समितीकडे जाते आणि तिथे फेटाळले तर सहा महिन्यांत पेन्शनविषयक दुसऱ्या अपिलाच्या समितीकडे जाता येते. इथे सहा महिने उत्तरच आले नाही. सशस्त्र सेना न्यायाधिकरण कायदा, २००७च्या कलम २१ प्रमाणे सहा महिने वाट पाहिल्यावर अर्जदार थेट न्यायाधिकरणात जाऊ शकतो. कलम २२ त्यानंतर आणखी सहा महिने देते. हिशेब असा : ऑगस्ट २०२३, फेब्रुवारी २०२४, ऑगस्ट २०२४. मूळ अर्ज जून २०२४ मध्ये मुंबई खंडपीठात दाखल झाला. निवृत्त माणूस आपल्या राहत्या जागेच्या खंडपीठात जाऊ शकतो, शेवटचे ठाणे कुठे होते याला महत्त्व नाही.

२०१९च्या नकारापासून मोजले तर उशीर झालाच होता, म्हणून सोबत विलंबमाफीचा अर्ज. पेन्शन दरमहा नाकारले जाते, त्यामुळे तो चालू राहणारा अन्याय आहे, असे तरसेम सिंग निवाडा (२००८) सांगतो. उशिराने दार बंद होत नाही. मात्र त्याच निवाड्यात मेख आहे : थकबाकी अर्जाच्या तारखेआधीच्या तीन वर्षांपुरतीच.

इथे आकडे मांडायलाच हवेत. सोयीसाठी शेवटचे वेतन, मिलिटरी सर्व्हिस पे वगैरे धरून, ५०,००० रुपये समजू. १०० टक्के अपंगत्वाला डिसेबिलिटी एलिमेंट वेतनाच्या ३० टक्के, म्हणजे १५,००० रुपये. ३० टक्क्यांना ४,५०० रुपये. पण ब्रॉड बँडिंग लागू झाले की ५० टक्क्यांखालचे अपंगत्व ५० धरले जाते, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यावर १००. म्हणजे ७,५०० रुपये महिना, महागाई सवलत वेगळी. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ब्रॉड बँडिंग मिळते हे राम अवतार निवाड्याने (१० डिसेंबर २०१४) ठरले. मागणीच्या परिच्छेदात ते शब्द वेगळे लिहिले पाहिजेत. लिहिले नाहीत आणि आदेश नुसत्या ३० टक्क्यांचा आला तर पुन्हा नवा अर्ज करावा लागतो.

अर्ज जून २०२४चा, म्हणून थकबाकी जून २०२१ पासून. फेब्रुवारी २०१९ ते मे २०२१ हे २८ महिने बुडाले. ७,५०० गुणिले २८, म्हणजे २,१०,००० रुपये, सवलत सोडून. जानेवारी २०२२ पर्यंत अर्ज झाला असता तर यातला एक रुपयाही गेला नसता. ‘नाना’ शेरा न्यायाधिकरणाला पुसता येतो, हे २८ महिने कुणालाच परत आणता येत नाहीत.

वकील आणि फी

न्यायाधिकरणात स्वतः उभे राहता येते, पण प्रतिज्ञापत्राला उत्तर देताना अनुभवी वकील हवा. फी आधी लेखी ठरवावी. ‘आत्ता काही देऊ नका, थकबाकीतला हिस्सा द्या’ हे ऐकायला गोड लागते, मात्र बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटाही घेता येत नाही. असे म्हणणारा बहुधा वकील नसतो, दलाल असतो. कोऱ्या धनादेशावर सही मागितली तर तिथूनच उठावे.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७च्या कलम १२ खाली मोफत वकील मिळू शकतो. अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि ठरलेल्या मर्यादेखालचे उत्पन्न असणारे यात येतात. सैनिकाच्या विधवेला महिला म्हणूनच हक्क आहे, तिला उत्पन्नाची अट नाही. हे फार थोड्या जणींना माहीत असते. २६ जुलै २०२५ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली. तिच्यातून सैनिक मंडळांच्या कार्यालयांत विधी सहाय्य केंद्रे उभी करायची आहेत. पहिली चौकशी तिथेच करावी.

आदेशानंतर

ऑक्टोबर २०२५ मध्ये अर्ज मंजूर झाला : आजार सेवेमुळे बळावलेला, ३० टक्के आजीवन, ब्रॉड बँडिंगने ५० टक्के, थकबाकी अर्जाआधीच्या तीन वर्षांपासून, चार महिन्यांत द्या, उशीर झाल्यास व्याज. जून २०२१ ते ऑक्टोबर २०२५ असे ५३ महिने, ३,९७,५०० रुपये आणि सवलत. ब्रॉड बँडिंग मागायचे राहिले असते तर हाच आकडा २,३८,५०० असता.

आदेशाने पैसे येत नाहीत. आदेशाची प्रमाणित प्रत रेकॉर्ड ऑफिसला पोचवावी लागते, मग सरकारी मंजुरी, मग प्रयागराजच्या पीसीडीए (पेन्शन्स) या संरक्षण लेखा कार्यालयाकडून सुधारित पीपीओ, मग ‘स्पर्श’ या ऑनलाइन पेन्शन प्रणालीतून रक्कम. मधल्या काळात सरकार वरच्या न्यायालयात जाऊ शकते. सर्वोच्च न्यायालयात अपिलाची वाट अरुंद आहे. सार्वजनिक महत्त्वाचा कायद्याचा प्रश्न असावा लागतो. परशोत्तम दास निवाड्यानंतर (मार्च २०२३) मात्र उच्च न्यायालयाचे दार दोन्ही बाजूंना उघडे आहे. अपील नुसते दाखल झाले म्हणून आदेश थांबत नाही, स्थगिती आहे का एवढेच विचारावे. स्थगिती नसेल आणि चार महिने उलटले तर कलम २९ खाली अंमलबजावणीचा अर्ज करावा.

सुधारित पीपीओ आला की चार ठिकाणी बोट ठेवून वाचावे : ३० आणि ५० हे दोन्ही आकडे, ‘आजीवन’ हा शब्द, सुरुवातीची तारीख आणि पत्नीचे नाव. या हवालदाराच्या पीपीओत सुरुवातीची तारीख आदेशाची, ऑक्टोबर २०२५ची पडली होती, जून २०२१ची नाही. आदेशातल्या परिच्छेदाचा क्रमांक देऊन एका पानाचे पत्र रेकॉर्ड ऑफिस आणि पीसीडीए दोघांना गेले, आणि अंमलबजावणीचा अर्ज तयार करून ठेवला.